विंडोजवरून मॅकवर जाताय? जुना पीसी आधी विकू नका



गेल्या तीन-चार बॅचमध्ये एक गंमत बघतोय. मार्केटिंगवर प्रश्न कमी आणि लॅपटॉपवर जास्त. "सर, विंडोज १० बंद झालं. आता नवीन घ्यायचाच आहे, तर सरळ मॅकच घेऊ का?" व्हिडिओत मी याचं उत्तर दहा मिनिटांत उरकलं आणि जे सांगायला हवं होतं तेच राहून गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी तो 'बंद झालं'चा घोळ मिटवू. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ तुमचा पीसी त्या दिवशी मेला असं नाही. तो चालतो, टॅली चालते, प्रिंट निघते. थांबल्या त्या फुकट येणाऱ्या सुरक्षेच्या अपडेट. घरगुती वापराच्या पीसीला त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. आणि बरेच जुने पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे 'आता नवीन घ्यायलाच हवा' हे खरं आहे, फक्त 'या आठवड्यातच घ्यायला हवा' हे खरं नाही. दुकानदार घाईत विकत घेतो तेव्हाच महाग पडतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता माझी गोष्ट, कारण मी हे चुकून शिकलोय.

माझं कराडला पॅकिंग मटेरियलचं दुकान. बॉक्स, टेप, पाऊच, बबल रॅप. २०२३ च्या जूनमध्ये व्हिडिओ एडिटिंगसाठी मी मॅकबुक एअर घेतला. लाखाच्या वर गेला, बारा हप्ते. खोटं कशाला बोलू, थोडी हौसही होती. ट्रेनर माणूस, समोर टेबलावर तो चंदेरी लॅपटॉप उघडला की बरं दिसतं. घेतल्या घेतल्या दुसऱ्याच आठवड्यात दुकानातला जुना डेस्कटॉप फॉरमॅट मारून मेव्हण्याच्या पोराला देऊन टाकला. म्हटलं, एका दुकानात दोन मशीन कशाला?

१० जुलैची रात्र. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ भरायचा. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर व्यवस्थित होता, पण तो उघडायला मशीनच नव्हतं. टॅलीप्राइम मॅकवर थेट बसत नाही, हे मला माहीतच नव्हतं. मी गृहीत धरलं होतं की एवढं महाग मशीन, त्यात एवढंसं काय चालणार नाही!

सकाळी सीएंच्या ऑफिसात जाऊन बसलो. त्यांच्याकडची टॅली माझ्यापेक्षा जुन्या रिलीजची, त्यामुळे माझा डेटा उघडेना. त्यांच्या माणसाने आपली कामं बाजूला ठेवून टॅली अपडेट केली, मग डेटा चढवला. रात्री अकराच्या सुमाराला रिटर्न गेलं. तुम्ही म्हणाल, एक दिवस उशीर झाला असता तर काय, पन्नास रुपये लेट फी. प्रश्न पन्नास रुपयांचा नाही. माझं गिऱ्हाईक म्हणजे मसालेवाले, बेकरीवाले, नोंदणी असलेले लोक. मी ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ भरला नाही, तर माझी बिलं त्यांच्या त्या महिन्याच्या २बी मध्ये दिसत नाहीत आणि त्यांचं क्रेडिट महिनाभर लांबतं. एकदा असं झालं की पार्टी फोन करते. दुसऱ्यांदा झालं की फोन करत नाही, दुसरीकडून माल उचलते.

त्याच आठवड्यात चौदा हजारांचा एक जुना पीसी विकत आणला. म्हणजे फुकट दिलेली वस्तू मी चौदा हजारांना परत घेतली. बीबीएला तीन वर्षं कॉस्टिंग शिकलो होतो बरं का.

म्हणून माझं मत सरळ आहे. मॅक घ्यायला माझी ना नाही, उत्तम मशीन आहे. पण तुम्ही मॅकवर जा, धंद्याला लगेच नेऊ नका. जुना पीसी निदान एक पूर्ण तिमाही जागेवर ठेवा.

आधी सात दिवस वही लिहा

दुकानात बिलबुकाशेजारी एक वही ठेवा. सात दिवस, पीसीवर जे जे कराल ते लिहा. कोणतं सॉफ्टवेअर उघडलं, कोणती वस्तू वायरने जोडली, कोणती वेबसाइट. तुम्ही एकटेच नाही, पीसीवर बसणारा प्रत्येक जण. आमच्या दुकानात हिशोब बघणारे काका आहेत, त्यांनी लिहिलेलं पान माझ्या पानापेक्षा लांब निघालं होतं. त्यातल्या निम्म्या गोष्टी पीसीवर होतात हे मला ठाऊकच नव्हतं.

मग प्रत्येक कामापुढे खूण करा. हे ब्राउझरमध्ये होतं? मग मॅकवर होणार. जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, ई-वे बिल, नेट बँकिंग, झोहो बुक्ससारखं ऑनलाइन अकाउंटिंग, कॅनव्हा, सगळं यात आलं. याचं मॅकसाठी वेगळं सॉफ्टवेअर मिळतं? वर्ड, एक्सेल, कोरलड्रॉ, फोटोशॉप, हे मिळतं. उरलेलं म्हणजे फक्त विंडोजवर चालणारं. तुमचा निर्णय त्या उरलेल्या चार-पाच ओळींवर व्हायला हवा. दुकानात जाऊन स्क्रीनची चमक बघून नाही.

त्या ओळींत आपल्याकडे साधारण काय काय सापडतं ते सांगतो.

पहिली टॅली. बिझी, मार्ग वापरणाऱ्यांनीही हेच समजायचं. मॅकवरून टॅली करायचे तीन रस्ते आहेत. एक, भाड्याची क्लाउड टॅली, दरमहा पैसे, इंटरनेट गेलं की बसा. दोन, मॅकच्या आत पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर टाकून त्यात विंडोज चालवणं. त्याची वर्षाची फी वेगळी, विंडोजचं लायसन्स वेगळं. आणि इथे एक खाच आहे. आताच्या एम मालिकेच्या चिपवर जे विंडोज चालतं ते एआरएम प्रकारचं. साधी सॉफ्टवेअर त्यावर बहुतेक चालून जातात, पण ड्रायव्हर मात्र त्याच प्रकारचा लागतो. म्हणजे टॅली उघडेल आणि तुमचा यूएसबी टोकन किंवा लेबल प्रिंटर ओळखला जाणार नाही, असं होऊ शकतं. जुन्या इंटेल मॅकवर बूट कॅम्पने थेट विंडोज टाकता यायचं, ती सोय या चिपवर नाही. यूट्यूबवरचे पाच वर्षांपूर्वीचे व्हिडिओ बघून कुणी भरवसा ठेवू नका.

तिसरा रस्ता मी धरला. टॅलीचा पीसी दुकानातच ठेवायचा आणि मॅकवरून रिमोटने त्यात शिरायचं. त्या पीसीवर विंडोज प्रो असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप चालतं. होम एडिशन असेल तर त्यात बाहेरून शिरता येत नाही, मग एनीडेस्कसारखं काहीतरी वापरा. एक व्यावहारिक त्रास आहे. मी रिमोट डेस्कटॉपने शिरलो की दुकानातल्या पीसीची स्क्रीन लॉक होते आणि काका तिथून ओरडतात. आता मी रात्री दुकान बंद झाल्यावरच शिरतो.

दुसरी गोष्ट डिजिटल सही, म्हणजे डीएससीचा टोकन. तुम्ही प्रोप्रायटर असाल तर जीएसटी रिटर्न मोबाइलवरच्या ओटीपीवर भरता येतं, चिंता नाही. कंपनी किंवा एलएलपी असेल, किंवा तुम्ही सरकारी टेंडर भरत असाल, तर टोकन आलाच. काही टोकनचे ड्रायव्हर मॅकसाठी मिळतात, पण पोर्टलचं सही करायचं सॉफ्टवेअर तिथे चालेल याची खात्री वेगळी करावी लागते. टोकनवरचं नाव वाचा, फोटो काढा, सीएंना पाठवा आणि विचारा. मॅक घेण्याआधी विचारा. आणि जीएसटीचं ऑफलाइन टूल किंवा मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइल वापरत असाल, तर त्या विंडोजवरच्या एक्सेलसाठी बनवलेल्या असतात. मॅकच्या एक्सेलमध्ये त्या अर्ध्यावर रुसतात.

तिसरी, वायरने जोडलेल्या वस्तू. बिलाचा थर्मल प्रिंटर, बारकोड लेबलचा प्रिंटर, वजनकाटा, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचं सॉफ्टवेअर. स्वस्तातला थर्मल प्रिंटर घेतला असेल तर त्याच्यासोबत आलेली सीडी आठवा. तिच्यात मॅकचा ड्रायव्हर असण्याची शक्यता कमीच. साध्या कागदाच्या प्रिंटरवर एअरप्रिंट लिहिलेलं असेल तर मॅक त्याला स्वतःहून ओळखतो. पंधरा वर्षं जुना, कधीच न बिघडणारा लेझर प्रिंटर असेल तर मात्र त्याच्या कंपनीच्या साइटवर जाऊन नवीन मॅकचा ड्रायव्हर आहे का ते बघा. माझा नव्हता. तो अजून काकांकडे आहे, आणि अजूनही बिघडलेला नाही!

मराठी टायपिंग आणि फ्लेक्सवाल्यांसाठी

हा मुद्दा इंग्रजी व्हिडिओंत तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून जरा थांबतो.

मॅकमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेस, आणि त्यात मराठी जोडायचं. देवनागरी फॉन्टही सोबत येतात, कोहिनूर देवनागरी तर लेबलवर फार स्वच्छ दिसतो. इनस्क्रिप्ट येत असेल तर पहिल्या दिवसापासून टाइप कराल. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर क्रोममध्ये गूगल इनपुट टूल्स टाका.

पण तुमचं दुकान डीटीपीचं, पत्रिकांचं, फ्लेक्सचं असेल, तर थांबा. तुमच्याकडे वर्षानुवर्षांच्या फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील. हे युनिकोड नाहीत. त्यांच्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्या अंगावर मराठीचा अंगरखा. तो फॉन्ट मशीनवर नसला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावेच लागतात. पेजमेकरच्या फाइल असतील तर आताच्या मॅकवर पेजमेकर चालतच नाही. कोरल चालतं, कारण २०१९ पासून त्याची मॅक आवृत्ती पुन्हा यायला लागली. पण कोरल चालतं म्हणजे त्यातली मराठी चालते असं नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. त्याला मी स्पष्ट सांगितलं, बाबा रे, तू विंडोज ११ चं चांगलं मशीन घे आणि उरलेल्या पैशात कटिंग मशीन घे. सीझनमध्ये दिवसाला वीस पत्रिका सेट करणाऱ्या माणसाने मे महिन्यात हा प्रयोग का करावा?

पैशाचं गणित

एम४ चिपचा मॅक मिनी २०२४ च्या शेवटी भारतात ५९,९०० रुपयांना आला आणि एम४ चा मॅकबुक एअर मार्च २०२५ मध्ये ९९,९०० ला. दोन्हीत सुरुवातीलाच १६ जीबी मेमरी. भाव वरखाली होत राहतात, ऑफर येतात, नवीन चिप आली की जुनं उतरतं. पण बोलायला हे आकडे पुरेसे आहेत.

कंप्युटरवर १८ टक्के जीएसटी. ५९,९०० मध्ये सुमारे ९,१३७ रुपये कर आहे, ९९,९०० मध्ये सुमारे १५,२३९. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि मशीन धंद्यासाठी असेल तर हे क्रेडिट मिळतं, पण बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. ऑनलाइन घेताना घाईत वैयक्तिक खात्यावरून ऑर्डर टाकली की संपलं. बिलावर नाव तुमचं, नंबर नाही, पंधरा हजारांवर पाणी. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळतच नाही, मग तुमच्यासाठी किंमत ती किंमत.

आयकरात कंप्युटरवर ४० टक्के घसारा आहे. त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 'टॅक्स वाचवायला' मशीन घेणाऱ्यांनी पूर्ण घसाऱ्याचं स्वप्न बघू नये. आणि ४४एडी खाली ठोक नफा दाखवत असाल तर घसारा वेगळा वजा होतच नाही, तो त्यातच धरलेला असतो. तुमच्यातले बरेच जण ४४एडी मध्ये आहेत. तेव्हा कुणी सेल्समन 'सर, खर्चात टाका' म्हणाला की हसून सोडून द्या.

आता लपलेला खर्च. मॅक मिनीसोबत मॉनिटर, कीबोर्ड, माउस येत नाही. जुना मॉनिटर एचडीएमआयचा असेल तर तोच जोडा, छान चालतो. पण एम४ मिनीला आणि एअरला जुना चौकोनी यूएसबी पोर्टच नाही. पेनड्राइव्ह, टोकन, माउस, प्रिंटर, सगळ्यांसाठी हब लागतो. बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क लागते. ऑफिसचं लायसन्स लागतं. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करा, या मशीनमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही. विंडोज पीसीत दोन वर्षांनी गल्लीतल्या पोराला बोलावून रॅम टाकायची सवय आहे आपल्याला. इथे घेताना जे घेतलं तेच शेवटपर्यंत. मिनीला यूपीएस पण लागेल. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून मला एअरच परवडला. लाईट गेली तरी एडिटिंग चालू राहतं.

बिघाडाचंही बघा. अ‍ॅपलचं स्वतःचं दुकान मुंबईत बीकेसीला एप्रिल २०२३ मध्ये झालं, पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये. कराडहून पुणं दीडशे किलोमीटरच्या वर. इतर शहरांत अधिकृत सर्व्हिस सेंटर असतात, तुमच्या जवळचं कुठे आहे ते घेण्याआधी शोधून ठेवा. मशीन दुरुस्तीला गेलं तर ते चार दिवस धंदा कशावर चालणार, हेही त्याच वहीत लिहा.

सेकंड हँड घेणाऱ्यांना एकच सांगतो. वीस-पंचवीस हजारांत मिळणारा इंटेलचा मॅकबुक घेऊ नका. अ‍ॅपलने २०२५ मध्येच जाहीर केलंय की मॅकओएस टाहो ही इंटेल मशीनसाठी शेवटची आवृत्ती. म्हणजे विंडोज १० च्या ज्या खड्ड्यातून तुम्ही निघताय, तसाच खड्डा पैसे देऊन विकत घ्याल. एम१ किंवा पुढचा मिळत असेल तर बघा, पण आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून तो तुमच्यासमोर काढून टाकला पाहिजे. नाहीतर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक लागलेला पत्रा घरी याल घेऊन.

पहिल्या आठवड्यात हात चुकतात

कंट्रोलच्या जागी कमांड, हे सगळे सांगतात. कॉपी, पेस्ट, सेव्ह, प्रिंट, सगळं कमांडवर. दोन दिवसांत बसतं. जे लोक सांगत नाहीत ते असं:

लाल बटण दाबलं की खिडकी बंद होते, सॉफ्टवेअर मागे चालूच राहतं. पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू. फाइलवर उभं राहून एंटर दाबलं की फाइल उघडत नाही, नाव बदलायला लागते. उघडायला कमांड आणि ओ. फाइल कट करायची तर आधी कमांड-सी करायचं आणि मग नवीन जागी ऑप्शन-कमांड-व्ही. डिलीट लिहिलेली की आपली बॅकस्पेस आहे. पुढचं अक्षर खोडायला एफएन धरून डिलीट. स्क्रीनशॉट म्हणजे शिफ्ट-कमांड-४. एखादं सॉफ्टवेअर अडकलं तर ऑप्शन-कमांड-एस्केप. एक्सेलमध्ये एफ४ वर डॉलरची खूण टाकणाऱ्यांनो, इथे कमांड-टी. काहीही सापडत नसेल तर कमांड-स्पेस दाबा आणि नाव टाइप करा. मी तर आता फोल्डर उघडतच नाही.

पण एक चूक अशी आहे की ती महागात जाते, आणि ती मी केली.

माझ्याकडे 'खरेदी बिलं' नावाचं फोल्डर होतं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतची सगळी स्कॅन केलेली बिलं. नोव्हेंबरमध्ये काकांनी पेनड्राइव्हवर त्याच नावाचं फोल्डर दिलं, त्यात फक्त नवीन महिन्याची बिलं. विंडोजमध्ये एकाच नावाचं फोल्डर पेस्ट केलं की दोन्ही एकत्र होतात, जुन्यात नवीन मिसळतं. वर्षानुवर्षं हाताला तीच सवय. मॅकने विचारलं, रिप्लेस करू? मी हो म्हटलं. मॅकवर रिप्लेस म्हणजे अख्खं जुनं फोल्डर जातं आणि त्याच्या जागी नवीन येतं. सात महिन्यांची बिलं गेली. कचरापेटीतही नव्हती. मशीनने विचारून केलं होतं, चूक माझीच.

२बी मध्ये नोंदी दिसत होत्या, पण क्रेडिट घ्यायचं तर बिल आपल्याजवळ असणं ही कायद्यातली अट आहे. कागदी बिलं निम्मी सापडली. उरलेल्यांसाठी एकेका सप्लायरला फोन. कुणी लगेच पाठवलं, कुणी चार वेळा आठवण करायला लावली. एका छोट्या सप्लायरने तर दुकानच बंद केलं होतं, त्याच्या घरी जाऊन बिलबुकाची कार्बन कॉपी शोधली. पंधरा दिवस गेले यात, तेही दिवाळीनंतरच्या वसुलीच्या दिवसांत.

म्हणून दोन गोष्टी करा. फोल्डरच्या नावात महिना आणि वर्ष टाका, म्हणजे नावं एकसारखी होणारच नाहीत. आणि मशीन आणल्या दिवशीच टाइम मशीन चालू करा. ते मॅकमध्येच असतं, वेगळं घ्यावं लागत नाही. फक्त बाहेरची एक डिस्क हवी, मॅकच्या साठवणीच्या निदान दुप्पट. ती दुसऱ्या कशालाच वापरायची नाही. माझ्याकडे त्या वेळी हे असतं तर सात महिन्यांची बिलं पाच मिनिटांत परत आली असती.

डेटा नेताना

अ‍ॅपलचं मायग्रेशन असिस्टंट विंडोज पीसीसाठीही मिळतं. दोन्ही मशीन एकाच वायफायवर ठेवून फाइल, फोटो, मेल ओढून घेता येतात. माझा सल्ला, सगळं ओढू नका. दहा वर्षांचा कचराही सोबत येतो. लागणारी फोल्डरं निवडून न्या.

जुनी बाहेरची हार्ड डिस्क मॅकला जोडली की तुम्हाला फाइल दिसतील, उघडतील, पण नवीन काही त्यात टाकता येणार नाही. डिस्क बिघडलेली नसते. विंडोजवाल्या बहुतेक डिस्क एनटीएफएस पद्धतीच्या असतात, आणि मॅक त्या फक्त वाचतो. दोन्हीकडे लिहायची असेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी लागते, आणि फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं जातं. आधी कॉपी, मग फॉरमॅट. उलटं करणारे मी दोघे पाहिलेत.

व्हायरस मॅकला येत नाही, हे विसरा. कमी येतो एवढंच. आणि बनावट कुरिअरची लिंक तुमच्या मशीनचा ब्रँड बघून येत नाही.

कधी बदलायचं

मार्चमध्ये नाही. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात नाही. तुमच्या धंद्याचा मंदीचा महिना निवडा. माझा ऑगस्ट असतो. तिथून तीन महिने दोन्ही मशीन चालू ठेवा. या काळात तीन वेळा जीएसटीआर-१, तीन वेळा ३बी होईल. तिमाही रिटर्नवाल्यांचा एक पूर्ण फेरा होईल. प्रत्येक काम आधी मॅकवर करून बघायचं, अडलं की पीसीवर करायचं आणि का अडलं ते वहीत लिहायचं. तिसऱ्या महिन्यात वहीचं पान कोरं राहिलं तर खुशाल पीसी विका. कोरं नाही राहिलं, तर तो कोपऱ्यात राहू द्या. टॅलीपुरता वापरायचा असेल तर त्यावर इंटरनेटवरची भटकंती बंद करा, आणि विंडोज ११ चालत नसेल तर पुढेमागे त्याच कामासाठी एखादा साधा विंडोज ११ वाला पीसी घ्या.

तुम्हाला व्हिडिओ, फोटो, डिझाइन, क्लायंटसमोर प्रेझेंटेशन असं काम असेल आणि हिशोब सीए किंवा ऑनलाइन सॉफ्टवेअर सांभाळत असेल, तर मॅक घ्या, पश्चात्ताप होणार नाही. किराणा, मेडिकल, हार्डवेअरचं काउंटर असेल आणि दिवसभर बिलिंगच असेल, तर चाळीस-पंचेचाळीस हजारांतला विंडोज ११ चा लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशांचा माल भरा. मॅकवर बिल फाडलं म्हणून गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देत नाही.

आमच्याकडे आज असं आहे: मॅकवर व्हिडिओ, कोटेशन, पाऊचची लेबलं. चौदा हजारांच्या पीसीवर टॅली, टोकन, प्रिंटर. काकांना मी दोनदा म्हटलं, मॅकवर बसून बघा. त्यांनी कीबोर्डकडे बघितलं आणि विचारलं, "एफ११ दाबलं की काय होतं?" मी दाबून दाखवलं, सगळ्या खिडक्या बाजूला सरकून डेस्कटॉप दिसायला लागला. ते म्हणाले, "नको मग."

टॅलीचा रिमोट सेटअप पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष करून दाखवतो. तोपर्यंत वही सुरू करा, आणि टोकनचा फोटो सीएंना आजच पाठवा.